निमिषाचा व्यापार

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कुलकर्णी राहतात आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही. क्रिकेटचा सामना असला की दोन्ही घरांत टीव्ही चालू असतो. सामना एकच, गोलंदाज एकच, चेंडूही एकच. पण गंमत अशी, की आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत यायचा असतो, तोच खालून कुलकर्ण्यांच्या दिवाणखान्यातून "गेला, गेला!" अशी आरोळी उठते. मग आम्ही काय करायचे? जो गेला हे ठाऊक आहे, तो कसा जातो हे शहाण्यासारखे बघत बसायचे! आमच्या सौभाग्यवतींनी या प्रकाराला नाव ठेवले आहे : शिळा सामना. "शिळ्या पोळीचा कुस्करा तरी करता येतो," ती म्हणते, "शिळ्या सामन्याचं काय करायचं?"

एकदा मी केबलवाल्या पोराला याचे कारण विचारले. तो म्हणाला, "काका, त्यांचं केबलचं आहे, तुमचं छत्रीचं. त्यांचं चित्र एकदाच आभाळात जाऊन येतं, तुमचं दोनदा जाऊन येतं. चार-पाच सेकंद जाणारच."

चार-पाच सेकंद! एवढ्यात माणसाचे काय बिघडते, असे मला वाटे. आमच्या घरी चहा उतू जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. बँकेत मी पस्तीस वर्षे रोखपालाच्या खिडकीत बसलो. तिथे चार-पाच सेकंदांत शंभराची एक गड्डीसुद्धा मोजून होत नसे. तेव्हा सेकंद ही गोष्ट हिशेबात धरण्यासारखी नाही, असे माझे पक्के मत होते. ते मत मी २०२५ सालच्या जुलै महिन्यात बदलले, आणि ते बदलायला माझ्या भाच्याचे दोन लाख दहा हजार रुपये खर्ची पडले.

त्याचे असे झाले. टेनिस हे माझे लहानपणापासूनचे वेड. त्यामुळे विंबल्डनचा अंतिम सामना हा आमच्या घरी एखाद्या सणासारखा असतो. त्या रविवारी, तेरा जुलैला, सिनर आणि अल्काराझ यांची गाठ होती. बंडूलाही मी मुद्दाम जेवायला बोलावले होते. बंडू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, एकुलता एक मुलगा. त्याचे वडील जाऊन सात वर्षे झाली. एका चांगल्या कंपनीत नोकरीला आहे, हुशार आहे, आकडेमोडीत तर माझ्याही पुढे. मला वाटले, पोराच्या सोबतीने सामना बघू, चार गोष्टी बोलू. पण आल्यापासून तो गॅलरीत मोबाइल घेऊन बसला. "मामा, इथं रेंज चांगली येते," म्हणाला.

मी आत टीव्हीसमोर, तो बाहेर. दुसऱ्या सेटमध्ये माझ्या जुन्या सवयीप्रमाणे मी मोठ्याने बोलू लागलो. "अरेरे, नेटमध्ये घातला!" मी ओरडलो. बऱ्याच वेळाने गॅलरीतून आवाज आला, "मामा, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

आता अशी संधी कोणता मामा सोडील? मी गंभीरपणे म्हणालो, "अरे, पन्नास वर्षं टेनिस बघतोय. खेळाडूचा खांदा बघितला की पुढचा फटका कळतो." आणि मग मी भविष्य सांगायचा सपाटाच लावला. "आता रेषेबाहेर जाणार!" "आता हा सर्व्हिस बिनतोड घालणार!" "पहिली सर्व्हिस चुकली बघ!" सगळी भविष्ये तंतोतंत खरी. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून तोंडाला पदर लावून हसत होती. सात-आठ पॉइंट असे झाल्यावर बंडू आत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने एकदा टीव्हीकडे पाहिले, एकदा हातातल्या मोबाइलकडे. टीव्हीवर अल्काराझ टॉवेलने तोंड पुसत होता. मोबाइलवर तोच अल्काराझ त्याच पॉइंटसाठी अजून धावत होता.

"अर्धं मिनिट," बंडू पुटपुटला. "मामा, मी अर्धं मिनिट मागे आहे."

आणि तो खुर्चीत बसला, तो दोन्ही हातांत डोके धरूनच. माझी थट्टा माझ्याच घशाशी आली.

जेवण झाल्यावर मी त्याला गच्चीवर नेले. तिथे हळूहळू सगळे बाहेर आले. जानेवारीपासून तो टेनिसवर पैसे लावत होता. सामन्याआधी नव्हे, सामना चालू असताना, पॉइंटमागून पॉइंट. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचे ॲप होते. सुरुवात पाचशे रुपयांची. मग पगारातले, मग मित्रांकडून उसने, मग मोबाइलवरून मिळणारे कर्ज. "आणि आता?" मी विचारले. त्याने काही न बोलता पाठीवरच्या पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. जिने पस्तीस वर्षे बँकेत काढली त्याची, त्या नजरेला तो कागद वाचावा लागला नाही. मुदतीआधी ठेव मोडण्याचा अर्ज होता. ठेव सुमनची. तिच्या नवऱ्याच्या फंडाची. खाली तिची सही. पोरगा सांगेल तिथे ती सही करते. तिने विचारलेही नसेल. सोमवारी सकाळी तो बँकेत जाणार होता.

मला वाटले होते मी संतापेन. पण त्याने पुढे एक वही काढली, आणि माझ्यातला रोखपाल जागा झाला. वही मोठी नेटकी होती. तारीख, सामना, गुण, लावलेली रक्कम, मिळालेला भाव, निकाल. "मामा, मी अंदाजानं खेळत नव्हतो हो," तो म्हणाला. "प्रत्येक खेळाडूची पहिली सर्व्हिस किती टक्के पडते, दडपणाखाली काय होतं, सगळं काढलेलं आहे. माझे निम्म्याहून जास्त अंदाज बरोबर आलेत. तरी पैसे जातात. हेच मला कळत नाही."

आम्ही दोघे गच्चीवरच्या दिव्याखाली रात्री साडेबारापर्यंत ती वही वाचत बसलो. तिच्यात एक रकाना होता : ‘रद्द’.

"हे रद्द कोण करतं?" मी विचारले.

"आपोआप होतं. आपण पैसे लावले की ते चार-पाच सेकंद अडकून राहतात. तेवढ्यात भाव बदलला तर रद्द."

"आणि भाव कधी बदलतो?"

"पॉइंट संपला की."

"मग या रद्द झालेल्यांपुढे, ते लागले असते तर काय झालं असतं ते लिही बघू."

तो लिहू लागला. दहाबारा ओळी लिहून झाल्यावर त्याची पेन्सिल थांबली. जे रद्द झाले होते, त्यांतले बहुतेक सगळे त्याच्या फायद्याचे होते. जे मुकाट्याने मंजूर झाले होते, त्यांतले बहुतेक तोट्याचे.

वाचकांपैकी ज्यांना या व्यवहाराची ओळख नसेल, आणि नसावी अशीच माझी इच्छा आहे, त्यांच्यासाठी थोडे उलगडून सांगतो. कारण दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस मी हाच अभ्यास केला.

टेनिससारखा सट्ट्याला सोयीचा खेळ दुसरा नाही. खेळणारे दोघेच. सामना बरोबरीत सुटत नाही. वर्षाचे जवळजवळ सगळे महिने जगात कुठे ना कुठे स्पर्धा चालू. शिवाय दोन पॉइंटांच्या मध्ये पंचवीस सेकंद आणि खेळाडू बाजू बदलतात तेव्हा दीड मिनिट अशी आयतीच उसंत मिळते. आणि प्रत्येक पॉइंटागणिक जिंकण्याची शक्यता वरखाली होते. २०१० साली विंबल्डनवर इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवस मिळून अकरा तास पाच मिनिटे चालला. शेवटच्या सेटचा निकाल सत्तर विरुद्ध अडुसष्ट. मैदानावरचा गुणफलक तर सत्तेचाळीसला थकून बंदच पडला. आम्ही त्याला खेळाचा चमत्कार म्हणालो. सट्टेवाल्याच्या दृष्टीने तो अकरा तास उघडा राहिलेला बाजार होता.

या बाजाराला बातमी कोण पुरवतो? उंच खुर्चीवर बसलेला पंच. पॉइंट संपला की तो हातातल्या यंत्रावर बोट टेकवतो. तिथून गुण निघतो तो माहिती विकणाऱ्या कंपनीकडे, तिच्याकडून सट्ट्याच्या कंपन्यांकडे, आणि तिथे भाव बदलतो. हे सगळे एक-दोन सेकंदांत. टीव्हीवरचे चित्र त्याच्या मागून येते, आणि मोबाइलवरचे त्याच्याही मागून. बंडूला थोडे मागेपुढे असते हे ठाऊक होते. पण एकाच मोबाइलवर तो कधी चित्र बघे, कधी भाव बघे, त्यामुळे अंतर किती हे त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते. एखाद्या खेळाडूचा भाव पडलेला दिसला की त्याला वाटे, हा तर चांगला खेळतोय, स्वस्तात मिळतोय, घ्या! स्वस्त मिळत होते, कारण माल आधीच नासलेला होता. त्याच्या डोळ्यांपर्यंत वास यायचा होता, एवढेच.

पण पंचाच्या बोटाच्याही आधी एकाला निकाल कळतो. तो म्हणजे मैदानाच्या कडेला बसलेला प्रेक्षक. चेंडू रेषेबाहेर पडला हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. पंच अजून गुण पुकारतो आहे, यंत्राकडे बघतो आहे, तेवढ्यात या प्रेक्षकाने खिशातल्या खिशात एक कळ दाबली, तर? समजा, पॉइंटाआधी एखाद्याची जिंकण्याची शक्यता शंभरात पन्नास होती, म्हणून त्याची चिठ्ठी पन्नास रुपयांना मिळते. जिंकला तर शंभर. महत्त्वाचा पॉइंट त्याने घेतला, शक्यता सत्तर झाली. पण बाजाराला अजून पत्ता नाही. मैदानावरचा माणूस त्या एका निमिषात सत्तरचा माल पन्नासला उचलतो. सामना पुढे कोणी का जिंकेना, त्याला कर्तव्य नाही. भाव वर गेला की तो विकून मोकळा. आणि त्याला पन्नासला विकतो कोण? आपल्याकडच्या सट्टेवाल्यांच्या भाषेत एक लावणारा असतो आणि एक खाणारा. इंग्लंडमध्ये २००० सालापासून अशी बाजारपेठच निघाली आहे, की जिथे एका गिऱ्हाइकाने लावायचे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाने खायचे. कंपनी फक्त दलाली घेते. तेव्हा विकणारा असतो असाच कोणीतरी बंडू, आपल्या गॅलरीत चांगली रेंज धरून बसलेला.

या मैदानी चोरांना, चोर म्हणावे की नाही हे पुढे बघू, आळा घालायला कंपन्यांनी ते चार-पाच सेकंद अडकवून ठेवण्याची तऱ्हा काढली. पण तिची धार दोन्हीकडून कापते. तेवढ्या वेळात नवा गुण कंपनीपर्यंत पोचतो. तुमचे लावणे तुमच्या फायद्याचे ठरत असेल तर भाव बदलला म्हणून रद्द. तोट्याचे ठरत असेल तर बंडूच्या ॲपवर ते सुखरूप मंजूर होत होते. नाणे वर उडवायचे, पडू द्यायचे, आणि मग ठरवायचे की पैज घ्यायची की नाही! असा जुगार आमच्या बंडूने आपल्या नेटक्या वहीसह सहा महिने खेळला.

आता त्या मैदानावरच्या माणसाची हकीकत. २०१४ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धा चालू असताना मेलबर्न पार्कमध्ये पोलिसांनी एका बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणाला पकडले. त्याच्या चड्डीत शिवलेले एक छोटे यंत्र सापडले. पॉइंट संपला की कळ दाबायची. गुण थेट इंग्लंडमधल्या त्याच्या मालकांकडे. त्या व्हिक्टोरिया राज्याने २०१३ सालीच नवा कायदा केला होता, त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. जगभर गवगवा झाला. आणि मार्चमध्ये खटला मागे घेण्यात आला! कारण सरळ होते. त्याने खेळाडूला लाच दिली नव्हती, सामन्यात ढवळाढवळ केली नव्हती. हजारो माणसे जे उघड्या डोळ्यांनी पाहत होती, तेच त्याने पाहिले आणि कळवले. फार तर तिकिटावरची अट मोडली. त्याच वर्षी ब्रॅड हचिन्स नावाच्या एका ऑस्ट्रेलियनाने याच धंद्यात देशोदेशी हिंडल्याच्या आठवणी पुस्तकरूपाने छापल्या. म्हणजे लाजण्यासारखे त्याला काही वाटले नाही.

मी हे बंडूला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मामा, त्यानं काही चोरलंच नाही?"

खरे सांगतो, मला लगेच उत्तर देता आले नाही. बातमी आधी मिळवून पैसे करणे हे काही विलायती पाप नव्हे. आपल्या मुंबईत अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या वेळी, म्हणजे १८६१ ते ६५ च्या दरम्यान, कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या वेळी प्रेमचंद रायचंद शेठ विलायतेच्या बोटी धक्क्याला लागण्याआधीच आपल्या होड्या समुद्रात पाठवून लिव्हरपूलचे भाव काढून आणीत, असे सांगतात. आपण त्यांना चोर म्हणत नाही. कापसाचा राजा म्हणतो. पुढे १८६५ साली तो सगळा डोलारा कोसळला आणि शेठजींसकट अर्धी मुंबई बुडाली. त्यांच्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र अजून आहे. निमिषभर आधी कळण्यावर ज्यांनी पैसा केला, त्यांच्या पैशातून सगळ्या मुंबईला एकच वेळ सांगणारे घड्याळ उभे राहावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

त्यानंतर मुंबईत पावसावर सट्टा चाले. अमक्या वेळात पाऊस पडेल की नाही, पन्हळीतून पाणी वाहील की नाही! १८८७ च्या जुगाराच्या कायद्यात १८९० साली दुरुस्ती करून सरकारला तोही बंद करावा लागला. माझी खात्री आहे, की त्या दिवसांतही कोणीतरी मलबार हिलच्या टोकाला उभा राहून ढगांकडे बघत असेल आणि त्याचा पोऱ्या बाजाराकडे धावत सुटत असेल. आणि चाळीतल्या खोलीत बसून, खिडकीतून दिसेल तेवढ्या आभाळावर पैसे लावणारा एखादा बंडूही असेलच.

तेव्हा मी त्याला म्हणालो, "तो मेलबर्नचा पोरगा चोर होता की नाही, ते कोर्टानं सोडून दिलं, मीही सोडून देतो. पण तू काय होतास ते मला कळलं. प्रेमचंद शेठची होडी पुढे निघून गेल्यावर धक्क्यावर जो उभा होता, तो तू."

बंडू कसनुसा हसला. सहा महिन्यांत मी त्याला प्रथमच हसताना पाहिले.

पण या बाजाराची खरी कीड त्या प्रेक्षकात नाही, ती खुर्चीवर चढली तेव्हा मला खरे वाईट वाटले. २०१२ साली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने आपल्या लहानसहान स्पर्धांतले गुणसुद्धा क्षणोक्षणी पुरवण्याचा हक्क एका कंपनीला विकला. या स्पर्धा कशा? मैदानाभोवती प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही, बक्षीस इतके थोडे की खेळाडूचा प्रवासखर्चही सुटू नये. अशा एखाद्या आडगावच्या सामन्यावर जगभरातून पैसे लागू लागले. आणि २०१६ साली उघड झाले, की काही पंच गुण यंत्रावर घालायला मुद्दामच उशीर करीत होते. कधी कधी मिनिटभर! तेवढ्यात सट्टेवाल्याला निरोप जाई. काहींना खेळातून कायमचे घालवले. पुढे या सगळ्याची चौकशी करायला नेमलेल्या मंडळाने २०१८ साली सांगितले, की अगदी खालच्या पातळीवरच्या स्पर्धांचे चालू गुण सट्ट्याला पुरवणे बंदच करा. रोगाचे मूळ गुणांच्या विक्रीत आहे, हे त्यांना कळले. पण तोवर पाणी बरेच मुरले होते.

पंचाचे हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण एके काळी मीही त्या खुर्चीच्या पायाशी बसलेला आहे. आमच्या गावच्या क्लबात, मी अकरा-बारा वर्षांचा असताना, टेनिसच्या स्पर्धा होत. लाकडी फलकावर खिळ्याला आकड्यांच्या पाट्या अडकवायच्या, हे माझे काम. मोबदला म्हणून एक लिंबाचे सरबत आणि जुना झालेला एखादा चेंडू. पण मी गुणफलकाचा अगदी नालायक पोऱ्या होतो. एखादा पॉइंट लांबला, चेंडू या टोकाचा त्या टोकाला जाऊ लागला, की मी पाटी हातात धरून तोंड उघडे टाकून बघत राही. पॉइंट संपून पुढची सर्व्हिस पडली तरी माझा फलक मागच्याच गुणावर. मग प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडे, "अरे पोरा, पाटी! पाटी बदल!" सगळे हसत. खेळाडूही हसत. मी धावत जाऊन पाटी लावी, आणि त्या गडबडीत एकदा तीसच्या जागी चाळीस लावली, तर हरणाऱ्या खेळाडूनेच मला चूक दाखवली.

माझ्या त्या उशिराने कोणाचे एका पैशाचेही नुकसान झाले नाही. कोणी मला सरबताचा दुसरा पेला देऊन पाटी उशिरा लाव म्हणाले नाही. कारण त्या दोन मिनिटांची कोणाला किंमतच नव्हती. १९६६ च्या डिसेंबरात कलकत्त्याला डेव्हिस चषकात रामनाथन कृष्णन ब्राझीलच्या कॉकविरुद्ध दोन सेट एकने मागे, चौथ्या सेटमध्ये दोन-पाच मागे, आणि तिथून जिंकला. ते माझ्या वडिलांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले. एक दिवस उशिरा! तरी त्यांनी ती बातमी आईला मोठ्याने वाचून दाखवली, आणि वाचता वाचता ते स्वतःच उभे राहिले. शिळी बातमी होती, पण त्यांच्या आनंदाला शिळेपणाचा वास नव्हता.

मी बंडूला हे सगळे सांगितले, आणि मग म्हणालो, "चल, आता आईकडे जायचं."

तो म्हणाला, "मामा, तुम्ही सांगा ना."

मी म्हणालो, "मी येतो. बसतो. पण सांगायचं तू."

सुमनने सगळे ऐकून घेतले. रडली नाही, बोलली नाही. उठून आत गेली आणि चहा करून घेऊन आली. मग बंडूने तो अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "माझी सही अशी वाकडी कशी आली रे?" एवढेच. मग तिने कागदाचे चार तुकडे केले. बंडू रडला तो तेव्हा. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कर्ज महिन्याला नऊ हजारप्रमाणे फिटते आहे. हिशेबाची वही तीच, रकाने बदलले. त्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. बंडूने मला फोन करून सांगितले, "मामा, ते ॲप उघडत नाही आता." मी विचारले, "तू उघडून पाहिलंस?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "हो. पाहिलं. म्हणूनच तुम्हाला फोन केला." मला त्या कायद्यापेक्षा या फोनचे मोल अधिक वाटले. दार सरकारने लावले; पण आपण दाराशी जाऊन आलो हे मामाला सांगण्याची सोय कुठल्या कायद्यात नाही.

सप्टेंबरच्या अठ्ठावीस तारखेला दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना होता, भारत आणि पाकिस्तान. सुमन आणि बंडू आमच्याकडेच होते. बंडूने मोबाइल स्वयंपाकघरात, पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिला होता. कोणी सांगितले नव्हते. शेवटचे षटक आले. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू हातात घोळवत होता, इतक्यात खालून कुलकर्ण्यांच्या घरात एकच गिल्ला झाला. ताटे वाजली, मुले जिन्यात नाचू लागली. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. "झालं! पुन्हा शिळा!"

मी नकळत बंडूकडे पाहिले. तो पुढे सरकून, मांडीवर कोपरे टेकून पडद्याकडे बघत होता.

"थांबा हो मामी," तो म्हणाला. "जिंकलो हे कळलं. चेंडू कुठं गेला ते अजून कुठं कळलंय?"

आणि आम्ही चौघे श्वास रोखून, गोलंदाज धावत यायची वाट बघत बसलो.